नामदेवभाऊंची ओली पांदण

आमच्या नामदेवभाऊंकडे मुलगी पाहायला पाहुणे येणार असले, की आदल्या संध्याकाळी त्यांच्या मळ्याचा पाण्याचा पाइप फुटतो. एरवी वर्षभर तो ठणठणीत असतो. फुटतोही नेमका पांदणीत, म्हणजे शेलूबाजारच्या हमरस्त्यापासून आमच्या दोघांच्या मळ्यांपर्यंत येणाऱ्या मातीच्या वाटेत. आमची काळी माती भिजली की चप्पल ठेवून घेते आणि माणूस पुढे पाठवते. मी त्यांचा शेजारी, मोटरसायकलवाला. त्या पाइपापायी दोनदा आडवा झालो आहे, त्यामुळे या विषयात माझं मत निःपक्षपाती नाही.

भाऊंनी गाडी घेतली तेव्हाची गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्याकडे हल्ली गाडी घेणारा माणूस आधी तिचं छत उघडतं का ते पाहतो. वैशाखात डोक्यावर ऊन घ्यायला वाशीम जिल्ह्यात गाडीला खिडकी कशाला लागते, हे मला अजून समजलेलं नाही. पण उघड्या छतातून नवरदेव बाहेर दिसला नाही तर लग्न लागल्यासारखं वाटत नाही म्हणतात. भाऊंनी मात्र शोरूममध्ये एकच गोष्ट विचारली, ट्रॅक्शन कंट्रोल आहे का. तिथला टायवाला पोरगा म्हणाला, काका, गाण्याचा आवाज एकदम दणदणीत आहे.

गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक भाऊंनी पोथीसारखं वाचलं. तेव्हापासून ते भेटेल त्याला ट्रॅक्शन कंट्रोल समजावतात. बाजारात, दवाखान्यात, एकदा तर तेरवीच्या पंगतीत. "चारी चाकायपाशी सेन्सर राह्यते. कोनतं चाक किती फिरून राह्यलं, ते मोजते. एक चाक बाकीच्यायपेक्षा जास्त फिरलं, म्हंजे ते घसरलं. मंग कम्पुटर त्याच चाकाले ब्रेक मारते अन् इंजिनचा जोर कमी करते. समोर पिवळी लाइट लुकलुकते." एवढं बोलून ते आपल्या जिलेबीकडे वळले. शेजारच्याची तोवर थंड झाली होती.

पुढे पुढे माणसांनाही ते हेच माप लावू लागले. कोणी फार बढाई मारायला लागला की भाऊ माझ्या कानाशी लागून म्हणत, "चाक लय फिरून राह्यलं, गाडी जागच्या जागीच आहे." गावातल्या भाषणांना त्यांच्याशेजारी बसणं म्हणूनच धोक्याचं. हसू आवरत नाही, आणि मान खाली घालून खोकावं लागतं.

गंमत अशी की एवढा ज्ञानी माणूस गाडी चालवत नाही. डावीकडे बसतो आणि पिवळ्या दिव्यावर नजर ठेवतो. चालवते त्यांची एकुलती एक मुलगी सुषमा. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. मळ्यातला भाजीपाला बाजारात नेणं, व्यापाऱ्यांशी भावावरून भांडणं, बापाला वेळेवर रक्तदाबाची गोळी देणं, सगळं तीच करते. भाऊ फक्त सिद्धांत सांभाळतात.

तर पाहुणे. पहिले आले ते जऊळक्याकडचे, छतात खिडकी असलेल्या गाडीतून. पांदणीच्या मध्यावर गाडी रुतली. मुलाचे मामा पांढरे कपडे घालून मोठ्या रुबाबात खाली उतरले, ते पोटरीपर्यंत उतरले. भाऊंनी ट्रॅक्टर लावून गाडी बाहेर ओढली आणि ओढता ओढता अख्खं ट्रॅक्शन कंट्रोल सांगितलं. पाहुणे चहासुद्धा न घेता परतले. दुसऱ्यांचंही तेच झालं, फक्त त्यांनी जाताना मुलीच्या बापाचं डोकं तपासून घ्या असा निरोप माझ्याजवळ ठेवला.

मी भाऊंना सरळ विचारलं की हा पाइप पाहुणे पाहून कसा फुटतो. ते जराही ओशाळले नाहीत. "पोराची परीक्षा घेऊन राह्यलो. ज्याले चिखलात गाडी नाई समजत, त्याले संसार काय समजन?" मला पटलं. गावालाही पटलं. दोन-तीन मुलींचे बाप तर आपल्या दारची वाट भिजवावी का, याचा विचार करू लागले. आमच्याकडे कोणतीही खुळी गोष्ट परीक्षा म्हणून सांगितली की लोक मान डोलावतात.

मग रिठदहून मनोज आला, आईला घेऊन. हळदीची शेती, बोलणं कमी. त्याचीही गाडी तिथेच रुतली. भाऊ समाधानाने ट्रॅक्टरकडे निघाले, तेवढ्यात सुषमा घरातून बाहेर आली. नेसलेली साडी खोचून ती चिखलात उतरली आणि मनोजला म्हणाली की तिकडे सरका. तो सरकला. तिने एक बटण दाबून धरलं, गाडी थोडी मागे घेतली, चाकं सरळ केली आणि बेताच्या जोरावर, मध्ये कुठेही न थांबता, थेट अंगणात आणून उभी केली. गाडीत मनोजची आई दोन्ही हातांनी पेढ्यांचा पुडा धरून बसली होती.

"ते बटन काहून दाबलं?" मनोजने विचारलं.

सुषमाने सांगितलं की खोल चिखलात चाक थोडं फिरावंच लागतं. ट्रॅक्शन कंट्रोल तेव्हा जोर काढून घेतं आणि गाडी जागीच मरते, म्हणून तेवढ्यापुरतं ते बंद करायचं. तो नीट ऐकत होता. मग म्हणाला, "मले मालूम नव्हतं. जाताना मले करू द्या, तुमी बाजूले बसून सांगा."

तिथेच जमलं. पाहुणे गेल्यावर सुषमा बापासमोर उभी राहिली. पहिल्या दोन्ही वेळी ती गप्प बसली होती, कारण ते मुलगे तिलाही नकोच होते.

"बाबा, आता पाइप फोडू नोका," ती म्हणाली. "मले हा पोरगा पसंत आहे."

भाऊ संध्याकाळी माझ्या बांधावर येऊन बसले. बराच वेळ वांगी पाहत होते. मी विचारलं, मुलगा परीक्षेत पास झाला ना, मग तोंड असं का?

"कायची परीक्षा, गड्या," ते म्हणाले. "कोनी येऊच नाई, असं वाटे. पोरगी गेली का त्या घरात मी एकटाच. सकायी उठून बोलू कोनाशी?"

मी हसलो होतो त्या प्रत्येक वेळेचं वाईट वाटलं.

लग्नाची तारीख धरली. त्याच आठवड्यात पांदणीत मुरमाच्या ट्रॉल्या येऊन पडल्या. भाऊ स्वतः घमेलं घेऊन मुरूम पसरत होते, घामाने निथळत. मी म्हटलं, भाऊ, वऱ्हाडासाठी एवढं कशाला, वऱ्हाड तर मंगल कार्यालयातच उतरणार आहे.

"वऱ्हाडासाठी नाई," ते म्हणाले. "पोरगी माहेरी येईन ना. तिची गाडी फसाले नाई पायजे."

मग घमेलं खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दिवाळीले तरी येईन ना, गड्या?"

येईल की, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि जिथे मुरूम आधीच पुरेसा होता, तिथेच आणखी एक घमेलं ओतलं.