रिकाम्या गंजाची अट

केळझरच्या आमच्या महिला मंडळाची सामाईक भांडी सांभाळण्यासाठी डेटाबेसचे साधन मी निवडले, त्यातील अटी मी घातल्या आणि स्वतःच्या मुलीचे साक्षगंध मोडण्याची वेळही मीच आणली. हे प्रारंभीच नमूद करते, म्हणजे कोणाला शोधून काढण्याचे श्रम पडणार नाहीत.

मंडळाचे गंज, म्हणजे मोठी पातेली, आणि पराती कार्यप्रसंगी घरोघरी जातात आणि कोणते भांडे कोणाकडे आहे यावरून वाद होतात. माझी मुलगी सुरभी म्हणाली, की हल्ली प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही स्वतःचा डेटाबेस करता येतो. तिने दोन साधने दाखविली. पहिले साधे होते : एक तक्ता आणि शेवटी 'शेरा' हा मोकळा रकाना. दुसऱ्यात प्रत्येक प्रश्न अनिवार्य करता येई आणि अट न पाळणाऱ्यास आपोआप संदेश जाई.

"आई, पहिलंच घे नं. लोकायले काही सांगायचं राह्यते."

"मोकळ्या जागेत लोक वाटेल ते लिहितात," मी म्हणाले. (आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत.)

मी दुसरे निवडले. भांडे परत करणारीने आपल्या फोनवर एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे : 'भांडे स्वच्छ व रिकामे आहे काय?' 'होय' आल्याखेरीज भांडे परत आले असे धरले जाणार नव्हते. हा फॉर्म मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखविला. (ते झोपले.)

आमच्याकडे कोणाचे भांडे रिकामे परत करीत नाहीत, हे मला जन्मापासून ठाऊक होते; फॉर्मला नव्हते. कोणी परातीत तांदूळ घालून आणले, कोणी गंजात वांगी. साऱ्या प्रामाणिक स्त्रिया. 'नाही' हेच बटण दाबीत गेल्या. वांगी मी आवडीने शिजविली.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी साधनाने कर्तव्य बजावले. सुरभीच्या होणाऱ्या सासूबाई, मनकर्णाबाई, मंडळाच्याच सभासद. त्या फोन हातात धरून ओसरीवर आल्या.

"मॅडम, गंज इथंच ठेवून गेलती मी. लाडू टाकून. मंग हे काय आलं? 'आपण भांडे परत केलेले नाही. ही अखेरची सूचना.' लाडू कोनं खाल्ले?"

यजमान छताकडे पाहू लागले.

"लाडू यांनी खाल्ले," मी म्हणाले. "परंतु नियमानुसार गंज रिकामा नव्हता."

"मंग सोयऱ्याच्या घरी रिकामा आनाचा होता का? चोर म्हनलं तुमच्या फोननं मले. उद्या पोराले इथं आनू का नाई, इचार करून राह्यली मी."

दारात सुरभी उभी होती. उत्तर चुकलेल्या विद्यार्थ्याकडे मी जशी पाहत असे, तशी ती माझ्याकडे पाहत होती.

मी आत गेले. तोच गंज घेतला, उद्यासाठी केलेल्या करंज्यांनी काठोकाठ भरला आणि मनकर्णाबाईंच्या पुढे ठेवला. "माझे चुकले," असेही म्हणाले. (हे वाक्य माझ्या फारशा सवयीचे नाही.)

त्यांनी एक करंजी मोडून पाहिली. "हा गंज वापस कसा आनू? रिकामा?"

"भरून आणा."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. 'आपण भांडे परत केलेले नाही.'

"आता बरोबर बोलून राह्यला हा," म्हणत त्या गंज मांडीजवळ ओढून चहाला बसल्या. सुरभीने श्वास सोडला.

त्याच संध्याकाळी आमच्या ओसरीवर मंडळाची बैठक झाली. ठरले असे : पहिले साधन घ्यावे, शेऱ्याचा रकाना ऐसपैस ठेवावा आणि मॅडमना त्यात केवळ पाहण्याचा अधिकार असावा, बदल करण्याचा नसावा. मनकर्णाबाईंनी मांडले, सुरभीने अनुमोदन दिले, सर्वांनी हात वर केले. पहिला हात यजमानांचा होता. ते मंडळाचे सभासद नाहीत.