नाना वारले, असं नानाच सांगायचे

मेहरूणला आमच्या समोर राहणारे नाना गेलं वर्षभर फोनवर रोज वारत होते. अनोळखी नंबर दिसला की फोन स्पीकरवर टाकायचे (मी साक्षीदार असावं म्हणून) आणि नाकातून सांगायचे, "नाना मरी ग्यात. आते कसाले फोन करतस?" मग स्वतःच्या निधनावर माझ्या ओट्यावर बसून चहा प्यायचे.

भानगड क्रेडिट कार्डाची होती. कार्ड नानांचं, खरेदी त्यांच्या सुनीलची. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान बुडालं, बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं आणि सुनील घर सोडून गेला. कुठे, कोणालाच ठाऊक नाही. हप्ते थकले. मग बँकेच्या वकिलाची नोटीस आली : पैसे भरा, नाहीतर दावा लावू. ती इंग्रजीत, म्हणून मीच वाचून दाखवली. तेव्हापासून नानांना गल्लीत येणारा प्रत्येक माणूस कोर्टाचा वाटू लागला.

फाटकावरची नावाची पाटी त्यांनी काढून टाकली. आत यायला परीक्षा ठेवली. गॅसवाला आला तरी आतून प्रश्न, "भरताची वांगी कशावर भाजतोस?"

"गॅसवर, नाना!"

"बँकेचा शे!" कडी पक्की. कपाशीच्या काड्यांवर भाजतो म्हणणारा तेवढा आपल्याकडचा, त्यालाच प्रवेश. बिचारा गॅसवाला धंद्याला जागला आणि सिलिंडर माझ्या अंगणात राहिला.

"समन्स हातात घेतलं नाही तर केस होतच नाही," हा नानांचा कायदा.

मी म्हटलं, "नाना, तुम्ही घेतलं नाही तर कोर्ट तुमच्या माघारी निकाल देईल. जा, हप्ते बांधून मागा."

त्यांनी माझ्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. "अक्का, तुम्ही कोणाकडून शेत? बँकेकडून?" त्या दिवशी चहाचा पहिला घोट मला घ्यायला लावला.

दिवाळीनंतर एका दुपारी ओट्यावरच फोन वाजला. नवा नंबर. नाना नाकातून म्हणाले, "नाना मरी ग्यात."

पलीकडे शिवी नाही, धमकी नाही. मग हळूच, "कवय?"

कधी, एवढंच. फोन बंद झाला.

नानांनी पुन्हा पुन्हा नंबर लावला. लागला नाही. चहावर साय धरली. शेवटी म्हणाले, "वसुलीवाला 'कवय' इचारत नही, अक्का. घरना मानूस इचारस."

दुसऱ्या दिवशी पाटी फाटकावर परत आली. आता नाना प्रत्येक फोन पहिल्या घंटीला घेतात, स्वतःच्या खणखणीत आवाजात : "नाना बोली ऱ्हायनू. जित्ता शे!" वसुलीवाले तर खूशच आहेत.

परवा कोर्टाचा माणूस खरंच आला. नानांनी वांग्यांचं काही विचारलं नाही. फाटक सताड उघडलं, समन्स घेतलं, सही केली आणि त्याचा हात धरून म्हणाले, "कोनी बी इचारं तं सांगा, नाना घरमाच शे."