योरुनचं शेवटचं पान

युरोपात अस्सल डिटेक्टिव्ह तीनच झाले, असं आर्नफिन क्लुंगलँडचं मत होतं. त्यातले दोन कादंबऱ्यांतले, म्हणजे खरा उरला तो एकटाच. चौतीस वर्षं फेरीबोटीवर तिकिटं तपासल्यामुळे माणूस कुठे उतरणार हे तो नुसत्या नजरेनं ओळखी. त्याची बायको बोर्गहिल्ड म्हणे, की ते तिकिटावरच छापलेलं असायचं.

ईस्टरला सगळा नॉर्वे डोंगरावरच्या लाकडी घरांत बसून रहस्यकथा वाचतो. आर्नफिनचं नुसतं वाचून भागत नसे. म्हणून सुट्टीच्या शेवटच्या दिवशी नात तुवा रडकुंडीला येऊन म्हणाली, "आजोबा, शेवटचं पानच नाहीये!" तेव्हा त्याचा चेहरा उजळला.

तुवाला उद्या वर्गासमोर योरुनच्या स्वभावाबद्दल बोलायचं होतं. योरुन ही एका शंभर वर्षं जुन्या कादंबरीतली तेरा वर्षांची पोरगी. भावाची विजार घालून एकटी समुद्रात होडी नेणारी. शेवटी पाद्री तिला म्हणतो, "माझ्या घरी राहा आणि शहाणी मुलगी हो." तिचं उत्तर नेमकं त्या गायब पानावर! फोनला रेंज नाही, आणि "तू पुस्तक पुरं वाचतच नाहीस," असं बाईंनी मागेच सगळ्यांदेखत सुनावलेलं.

"शेजारच्या ओलाउसच्या चुलीत राख सापडली," आर्नफिन तासाभरानं बर्फ झटकत म्हणाला.

"चुलीत आणखी काय सापडणार?" बोर्गहिल्डनं विचारलं.

मग संशय एका सुशिक्षित उंदरावर गेला. शेवटी आर्नफिननं डोळे मिटले. "योरुनचा स्वभाव बघा. ठेवलं तिथे राहणारी पोर आहे का ती? पान घेऊन पळाली!"

"आजोबा, ती कादंबरीत आहे."

"होती," आर्नफिन म्हणाला.

दुपारी तिघं उन्हात भिंतीला टेकून बसली. आर्नफिन आपला डबा स्वतःच भरी. डिटेक्टिव्हवर कोण कधी विषप्रयोग करील याचा नेम नाही. त्यानं तपकिरी चीजच्या स्लाइसची चळत उघडली. स्लाइस चिकटू नयेत म्हणून मध्ये कागद घालतात, तसा तो घातलेला होता.

"आर्नफिन," बोर्गहिल्ड शांतपणे म्हणाली, "तुझ्या चीजवर पाद्री आहे."

"डब्याचे कागद संपले होते," आर्नफिन पुटपुटला. "हा सुटाच पडला होता."

पाद्री वाचता येत होता. योरुनचं उत्तर चीजनं गिळलं होतं. तुवाचे डोळे भरून आले.

"ती 'हो' म्हणते," आजी म्हणाली. "आणि मोजे विणायला बसते."

"तुला माहीत होतं?"

"तीनदा वाचलंय. मला कुणी विचारलं? तुमचा तपास चालला होता ना! तुझ्याएवढी असताना हा शेवट वाचून मी हेच पुस्तक भिंतीवर फेकलं होतं. तेव्हाच ते पान निखळलं."

तुवा तावातावानं म्हणाली, "पण योरुन असं म्हणणारच नाही! आधीची दोनशे पानं ती कुणाचं ऐकत नाही. ही ती नव्हेच."

"तोतया!" आर्नफिन ताडकन उठला.

"तोतया कसली," बोर्गहिल्ड म्हणाली. "त्या पानावर लेखकानं पोरीचा खून केलाय, आर्नफिन. आणि तू पुरावा चीज लावून डब्यात भरलास."

तुवानं नाक पुसलं आणि आजीचं खुनाचं वाक्य तेवढं उद्यासाठी वहीत उतरवून घेतलं.