पहिल्या छपाईचे रणपिसे

आमच्या भोरात कुणाकडे बाळ झालं की बघायला आलेले लोक नाक कुणाचं, डोळे कुणाचे याची चर्चा करतात. रणपिसे सरळ विचारायचे, "छपाई कितवी?" पहिलं मूल असेल तर मागून दोन पेढे जास्त खायचे. तिसरं-चौथं असलं तर "असू द्या, वाचण्याजोगं हाय," एवढं बोलून उठायचे. बाळंतिणी आधी चिडायच्या, मग त्यांनाही सवय झाली.

रणपिसे मोजणी खात्यात होते. शिपायाच्या खांद्यावर साखळी देऊन शेतांचे बांध मोजत भोर-वेल्ह्याचे डोंगर पालथे घालायचे. बुद्धविहाराच्या मागे एका खोलीत एकटेच राहायचे. आणि पन्नाशी उलटलेल्या या माणसाला वेड होतं चित्रकथांचं. त्या काळी एखादा हौशी चित्रकार स्वतःच गोष्ट रचायचा, चौकटी आखून चित्रं काढायचा, पात्रांच्या तोंडाशी फुगे काढून त्यांत संवाद लिहायचा आणि पदरमोड करून बारक्या छापखान्यातून चोवीस पानांचं पुस्तक काढायचा. जत्रेत ते खपलं तर दुसरी छपाई, नाही तर गडी पुन्हा दुकानांच्या पाट्या रंगवायला मोकळा. रणपिशांना फक्त पहिली छपाई लागायची.

"ग्रंथपाल, ह्या राजाची बोटं मोजा बरं."

मी वाचनालयाचा ग्रंथपाल. नाइलाजाने मोजली. पानाच्या कडेला टेकलेल्या त्या हाताला सहा बोटं होती.

"पहिल्या छपाईत सहाच हायत. दुसऱ्या छपाईत कुणा शहाण्यानं एक खोडलं. आता तिच्यात काढणारा मानूस दिसत न्हाई."

एकदा वरवे बुद्रुकला दोन भावांचा बांध मोजायचा होता. भांडण अगदी अंगावर धावून जाण्यापर्यंत आलेलं. तेवढ्यात रणपिशांना ओसरीच्या कोनाड्यात एक चित्रकथा दिसली. "आदी पुस्तक बगू. बांध कुटं पळून जातोय?" दोघे भाऊ इतके चक्रावले की मिळून माळ्यावर चढले आणि आणखी एक पुस्तक शोधून घेऊन आले. थोरला हळूच म्हणाला, "ह्ये बी न्या साहेब, पन बांध जरा माज्याकडनं धरा." रणपिशांनी पुस्तक सदऱ्यात घातलं आणि म्हणाले, "बांध साखळी सांगंल तसा."

हे किस्से मी वाचनालयात त्यांची नक्कल करून सांगायचो. नक्कल चांगली वठायची. लोक पोट धरून हसायचे. आज ते आठवलं की मान खाली जाते.

एका पावसाळ्यात त्यांची खोली फार गळायला लागली. ते पत्र्याची ट्रंक घेऊन वाचनालयात आले. आत साठ पुस्तकं होती. "दिवाळीपत्तोर ऱ्हाऊ द्या. तुमच्याकडं पुस्तकाची कदर हाय."

गणपती झाले की आमच्याकडे बाइंडर यायचा आणि आठवडाभर पडवीत बसून फाटकी पुस्तकं बांधायचा. मी त्याच्यापुढे ती ट्रंक ठेवली. उपकार करतोय असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर, ती पोरकट पुस्तकं पुठ्ठ्यात गेली की जरा पुस्तकांसारखी दिसतील, असंही वाटत होतं. त्याने सहा-सहा पुस्तकांचा एक खंड केला. पातळ कव्हरं फाडून टाकली, कडा कापून सरळ केल्या, वर निळा पुठ्ठा चढवला. मी सवयीने प्रत्येक खंडावर वाचनालयाचा शिक्काही मारला.

दिवाळीच्या तोंडावर रणपिसे आले. त्यांनी पहिला खंड उघडला. कडेबरोबर राजाचं सहावं बोट कापलं गेलं होतं.

"कव्हरं कुठं हायत?"

"फाटकी होती. टाकून दिली."

ते बाकावर बसले आणि नुसते पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिले. नेमके त्याच वेळी आमचे अध्यक्ष आले. खंड बघून त्यांनी कडक आवाजात विचारलं, "ही खाजगी पुस्तकं वाचनालयाच्या खर्चाने कुणाच्या परवानगीने बांधली?" मी रणपिशांकडे बघितलं.

रणपिसे उठून उभे राहिले. "म्याच मागं लागलो व्हतो साहेब. ह्यांचा दोष न्हाई. बाइंडिंग लई पक्कं झालंय." आणि ट्रंक खांद्यावर घेऊन ते निघून गेले.

त्यानंतर ते वाचनालयात आले नाहीत. रस्त्यात भेटले तर हात जोडायचे, छपाई मात्र विचारायचे नाहीत. मी माफी मागितली नाही. कागदच तर होते, असं मी स्वतःला समजावत होतो. सहा-सात महिन्यांनी त्यांची बदली झाल्याचं कानावर आलं.

पुढच्या खेपेला बाइंडरच्या रद्दीत मला चार कव्हरं सापडली. बाकीची त्याने खळ शिजवताना चुलीत घातली होती. मी ती उलटी केली. आतल्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं.

"हिर्डोशी. म्हातारीने माळ्यावरून काढून दिलं. नाचणीची भाकरी वाढली. परत या म्हणाली. दोनदा गेलो."

"पासली. घरधन्याने शेजारी पाट मांडला. एकत्र जेवलो."

"वरवे. दोघे भाऊ. धाकट्याकडून पुतणीच्या लग्नाचं बोलावणं. गेलो."

चौथ्यावर होतं: "भोर वाचनालय. ग्रंथपालांनी रद्दीतून काढून दिलं. एकदा घरी या म्हणाले. दिवस सांगितला नाही. सांगतील."

साठ कव्हरं, म्हणजे साठ ठिकाणी या माणसाशी कुणीतरी दोन शब्द बोललं होतं. पुस्तक हे निमित्त होतं. आणि मी त्यातली छप्पन्न ठिकाणं चुलीत घातली होती.

घरी या, असं मी त्यांना कधी म्हटलं, मला आठवत नाही. आपण कुणालाही म्हणतो तसं, कपाटाला कुलूप लावता लावता म्हटलं असेन. ते खरंच आले असते तर त्यांना ओसरीवर बसवलं असतं की माजघरात पाट मांडला असता, हा प्रश्न ती ओळ वाचतानाही माझ्या मनात आला. त्या प्रश्नाची मला सगळ्यात जास्त लाज वाटली, आणि अजून वाटते.

मोजणी कचेरी वाचनालयाच्या समोरच आहे. रणपिशांचा नवा पत्ता तिथे सहज मिळेल. चार कव्हरं माझ्या टेबलाच्या खणात आहेत, आणि मी अजून रस्ता ओलांडलेला नाही.