चार चाकं आणि एक दात

भाऊजींनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकापाशी थांबले आणि बुटाच्या टोकाने चाकाला हळूच टोचलं. चाकावरून नखाएवढा पापुद्रा सुटला आणि त्यांच्या बुटावर पडला.

“यातून माझी मुलगी सासरी जाणार?” भाऊजी म्हणाले. “अरे, फोटोवाले येणारेत! लोक चाकं बघतील की नवरी?”

डॉक्टरांनी वाकून पापुद्रा उचलला आणि खिशात टाकला. दातांचे डॉक्टर ते, तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हजारो माणसांना तोंड उघडायला लावलेलं, पण ताईच्या नवऱ्यापुढे त्यांचं स्वतःचं कधी उघडलं नव्हतं. शिवाय भाऊजी खोटं बोलत नव्हते. अॅल्युमिनियमच्या चाकांवर पारदर्शक वार्निशचा एक थर असतो. या चाकांवरचा थर पिवळा पडून, फुगून, जागोजागी सोलवटला होता आणि त्याच्याखाली पांढुरक्या रेघा वळवळत गेल्या होत्या. दहा वर्षं डॉक्टर हे रोज बघत होते आणि रोज क्लिनिकमध्ये जाऊन पेशंटांना म्हणत होते, “वेळीच दाखवायला हवं होतं तुम्ही!”

पण गाडीचा हट्ट त्यांचा नव्हता, भाचीचा होता. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलातून घरी आली ती याच गाडीतून. सहा वर्षांची असताना तिने सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, “मी लग्न करून मामाच्याच गाडीतून जाणार!” पोरं काय, काहीही बोलतात. ही मात्र पंचवीस वर्षांची झाली तरी शब्दाला चिकटून होती. डॉक्टरांना मूलबाळ नव्हतं. भाचीने एवढी एकच गोष्ट मागितली होती, आणि तीसुद्धा आपल्या हातून होऊ नये, हे त्यांना सहन होईना.

“मी चकाचक करतो चाकं,” ते बोलून गेले.

“तू?” भाऊजी हसले. “आज बुधवार. लग्न रविवारी. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मी भाड्याच्या गाडीवाल्याला हो म्हणणार. पांढरी, लांबलचक गाडी आहे. तोवर काय दिवे लावायचे ते लाव!”

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी गाडी चार ठोकळ्यांवर चढवली आणि चारही चाकं काढली. म्हणजे आता चाकं झाली नाहीत तर गाडी जागची हलणारसुद्धा नव्हती. टायरवाल्याने तासाभरात टायर उतरवून दिले. गुरुवारी सकाळी पेंट रिमूव्हरचा डबा आणि पहिलं चाक घेऊन डॉक्टर घरच्या बाल्कनीत बसले. रिमूव्हर लावला की वार्निश फुगून वर येतं, ते खरवडून काढायचं, एवढंच काम. वार्निश फुगलं, छान फुगलं. दोन थेंब मात्र खाली गेले, ते थेट खालच्या मजल्याच्या नव्या कोऱ्या हिरव्या कठड्यावर. दहा मिनिटांत कठडाही छान फुगला.

खालच्या बाईंचा आवाज पाचव्या मजल्यापर्यंत पोचला. डॉक्टरांच्या बायकोने खाली जाऊन माफी मागितली, कठडा रंगवून द्यायचं कबूल केलं आणि वर येऊन दाराकडे बोट दाखवलं.

“अहो, चाक उचला. जिथे न्यायचं तिथे न्या, पण या घरात ते परत दिसता कामा नये. आणि येताना हिरवा रंग आणा!”

आता जायचं कुठे? डॉक्टरांची हक्काची जागा एकच. चारही चाकं क्लिनिकमध्ये आली. रिमूव्हरचं काम मागच्या मोकळ्या बोळात आणि घासण्या-उजळण्याचं काम आत, असं ठरलं. क्लिनिकमध्ये काम सांभाळायला एक मावशी होत्या. त्यांनी वीस वर्षांत खुर्चीवर नाना तऱ्हेचे पेशंट बघितले होते. चाक बघून त्यांनी फक्त खुर्चीवर प्लास्टिक अंथरलं आणि तीन दिवसांचे पेशंट सोमवारवर ढकलले.

डॉक्टर खुश झाले. वर झगझगीत दिवा, हवी तशी वरखाली होणारी खुर्ची, आणि आऱ्यांच्या बेचक्यात शिरणारी दात खरवडायची जुनी हत्यारं! त्यांनी पहिलं चाक घासायला घेतलं. संध्याकाळपर्यंत घासलं. पॉलिश लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. चाक होतं तसंच राहिलं. मळकट, ढगाळ, मख्ख.

“झक मारली आणि चाकं काढली,” डॉक्टर खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसत म्हणाले. सात वाजले होते. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पॉलिशच्या वासाने आलं नव्हतं.

मावशींनी चाकावरून बोट फिरवलं. “डॉक्टर, हा चिकट थर ठेवलाय कशाला अजून?”

“फक्त सुटलेला तेवढा काढलाय. चांगला आहे तो थर वाचवायला नको का? वरचं कवच एकदा गेलं की...”

डॉक्टर बोलता बोलता थांबले.

“अहो, हा काय दात आहे?” मावशी म्हणाल्या. “करपलेल्या पातेल्यावरचा अर्धा थर ठेवून वर राख घासाल तर पातेलं उजळेल का? सगळं खरवडा. उघडं पडू दे एकदा.”

तीस वर्षं डॉक्टरांचा हात एकच गोष्ट शिकला होता. दाताचं कवच जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवायचं. त्या इमानी हाताने दिवसभर चाकाचं किडकं वार्निश जिवापाड जपलं होतं! डॉक्टर आधी ओशाळले, मग खो खो हसले आणि मग बाह्या सरसावून उठले.

शुक्रवारी चारही चाकांवर रिमूव्हरचा जाड थर बसला. सगळं वार्निश सालपटासारखं निघालं. मग पाण्याखाली सँडपेपर, आधी खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ. दुपारपर्यंत डॉक्टरांची बोटं सुजली. मग पॉलिश. पॉलिश घासलं की काळंकुट्ट पाणी सुटायचं, ते फडक्याने टिपलं की खालून असा लखलखाट यायचा की मावशींनी पहिल्यांदा चक्क टाळी वाजवली. शुक्रवारी एक चाक झालं. शनिवारी दुपारपर्यंत आणखी दोन. चार वाजता शेवटचं चाक खुर्चीवर चढलं.

साडेपाचला बाहेरचं दार उघडलं आणि तोंडावर रुमाल धरून भाऊजी आत शिरले.

“डॉक्टर आहे का हो?” भाऊजी रुमालाआडून म्हणाले. नव्या कपड्यांच्या खोक्याची सुतळी सुटेना म्हणून त्यांनी ती दातात धरून ओढली होती. सुतळी सुटली आणि समोरच्या दाताचा कोपराही सुटला. उद्या मुलीचं लग्न, हजार माणसं, फोटोवाले, आणि नवरीचा बाप हसला की मधोमध भगदाड! बाहेरच्या डॉक्टरकडे जायची सोय नव्हती, गावभर झालं असतं. मेहुण्याकडे मात्र ते पंचवीस वर्षांत एकदाही आले नव्हते. कारण जगाला दरडावणारे भाऊजी दातांच्या डॉक्टरला टरकून होते.

“आत पेशंट आहे. बसा,” मावशी म्हणाल्या.

भाऊजी बसले. आतून घर्रर्र असा आवाज आला. पाठोपाठ डॉक्टरांचा प्रेमळ आवाज आला, “केवढी घाण साठवलीस रे! थांब, हलू नकोस. अजून थोडं खरवडतो.”

भाऊजींनी खुर्चीचे हात पकडले. “किती वेळ चाललंय हे?”

“दीड तास झाला असेल.”

“आणि तो ओरडत नाही?”

“चकार शब्द नाही,” मावशी विणकाम चालू ठेवून म्हणाल्या. “चौघे भाऊ आहेत. तिघांचं झालं. हा शेवटचा.”

“लहान आहे?”

“सव्वीस वर्षांचा.”

भाऊजी उठले. दरवाजापर्यंत गेले. तिथे काचेत त्यांना स्वतःचा दात दिसला आणि ते परत येऊन बसले. तेवढ्यात आतलं दार उघडलं. डॉक्टरांचे हातमोजे कोपरापर्यंत काळे झाले होते आणि पुढ्यात ढकलगाडी होती. ढकलगाडीवर हिरव्या चादरीखाली काहीतरी आखूडसं निपचित पडलं होतं. चादर वरपर्यंत ओढलेली होती.

“अरे, हा...” भाऊजींचा आवाज चिरकला. “हा गेला?”

“छे! उद्या धावेल बघा. भाऊजी, तुम्ही? आणि हे काय, दात?”

भाऊजींना पळायचं होतं, पण मावशींनी बाहेरचं दार लावून घेतलं होतं. डॉक्टरांनी काळे मोजे टाकले, हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, मावशींनी प्लास्टिक काढून खुर्ची पुसली आणि स्वच्छ कापड घातलं. भाऊजी खुर्चीवर बसले आणि त्यांनी डोळे गच्च मिटले.

“दुखणार नाही, भाऊजी.”

“सुई दे. दोन दे!” भाऊजी म्हणाले.

एक पुरली. डॉक्टरांनी दाताच्या रंगाचं सिमेंट कणाकणाने बसवलं, घडवलं, घासलं. तीन दिवस चाकांवर फिरून हात असा तयार झाला होता की पॉलिश करताना ते स्वतःशी गुणगुणत होते. गाडीचं नाव त्यांनी काढलं नाही. तोंड उघडं अडकलेल्या माणसाला अडवून धरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. घड्याळात सहाला सात मिनिटं कमी होती, तेवढं मात्र त्यांनी दोनदा बघितलं.

“झालं,” ते म्हणाले.

भाऊजींनी एक डोळा उघडला. “आसा दे,” ते म्हणाले. ओठ बधिर झाला होता. “आसा!”

“आरसा, मावशी.”

खुंटीवर आरसा नव्हता. मावशींनी टेबल बघितलं, ट्रे बघितला, खण उघडले. “कुठे गेला कोण जाणे! थांबा हं, दुसरं काहीतरी आणते.”

आणि त्यांनी ढकलगाडी आत आणली, भाऊजींच्या तोंडापुढे उभी केली आणि चादर ओढली.

दिव्याचा उजेड चाकावर पडला आणि छतभर उसळला. भाऊजी दचकून मागे सरले, मग पुढे वाकले. चाकाच्या मधल्या सपाट गोलात त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता. त्यांनी बोटाने ओठ वर उचलला. दात अखंड होता, जन्मापासून तसाच असावा असा. त्यांनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की आपण कशात बघतोय.

भाऊजींनी खिशातून फोन काढला, गाडीवाल्याचा नंबर लावला आणि डॉक्टरांपुढे धरला.

“तू बोल,” त्यांनी बधिर ओठाने कसंबसं सांगितलं.

“काय बोलू?”

“गाई नको म्हण. आमची घरची आहे!”

रविवारी सकाळी दहाला गाडी मांडवाच्या दारात उभी राहिली. गाडी जुनीच होती, रंगही जुनाच. पण चारही चाकं अशी पेटली होती की येणारा-जाणारा थबकून खाली बघत होता. निघायच्या वेळी भाचीने मैत्रिणीला पदर धरायला लावला, चाकापुढे उकिडवी बसली आणि चाकात बघून कपाळावरची बट सारखी केली.

“मामा,” ती वर बघून म्हणाली, “रडू नकोस हं. काजळ पसरेल माझं.”

मामा आधीच रडत होता. भाऊजी पुढच्या सीटवर बसले होते आणि काच खाली करून प्रत्येक फोटोवाल्याला सगळे दात दाखवत होते. “चाकं घ्या, चाकं!” ते ओरडत होते. “आमच्या डॉक्टरांनी केलीत. मीच म्हटलं होतं, करून टाक!”

सोमवारी सकाळी मावशींनी क्लिनिक उघडलं, एप्रनच्या खिशातून स्वच्छ पुसलेला आरसा काढला आणि खुंटीवर होता तिथे लावला. मग त्यांनी वही उघडली. पहिलं नाव भाऊजींचंच होतं, काल मांडवात त्यांनी स्वतः सांगून लिहायला लावलेलं.

“दाताला काही झालं का पुन्हा?” डॉक्टरांनी धास्तावून विचारलं.

“दात ठणठणीत आहे,” मावशी खुर्चीवर प्लास्टिक अंथरत म्हणाल्या. “त्यांच्या गाडीची चाकं घेऊन येतायत. चारही.”