फुलक्याएवढी मोकळीक

लोखंडाच्या कामात हडपसर ते मांजरी माझा हात धरणारा कोणी नाही! मी एकदा माप घेतलं की परत घ्यावं लागत नाही. माझी बायको मालन गेल्याचा फोन आला, तेव्हाही मी वर्कशॉपमध्ये गजच कापत होतो. आमच्याच बाल्कनीच्या जाळीचे.

सोसायटीत चोरी झाली होती. चेअरमन हिंमतरावांनी लगेच ठराव केला : प्रत्येक बाल्कनीला जाळी, सगळ्या सारख्या, गज सरळ. मालनला ते पटेना. ती रोज संध्याकाळी कठड्यावरून वाकून खालच्या विमलाबाईंशी बोलायची.

"चोर आत येता कामा नये, पण माझं डोकं बाहेर गेलं पाहिजे," ती त्या सकाळी म्हणाली. "मधोमध एक गोल ठेवा."

"केवढा?"

"माझ्या फुलक्याएवढा."

"दुपारी जेवताना मोजतो," म्हणून मी कामाला गेलो. दुपारी मुलाचा, दत्तप्रसादचा, फोन आला. "बाबा, आई गेली." तिच्या छातीत कळ आली, खुर्चीत बसली, तेवढंच.

महिन्याने ती जाळी पुरी करायला घेतली. सून राजनंदिनी नागपूरकडची, खराडीला कंपनीत कामाला. तिला म्हटलं, "एक फुलका दे."

तिने तूप लावून आणला.

"तूप कशाला? माप घ्यायचंय!"

मी फुलका कागदावर ठेवला, भोवती पेन्सिल फिरवली, तेवढं कडं वळवलं आणि रविवारी संध्याकाळी जाळी बसवून टाकली. मग वाटलं, मालनला इथून काय दिसलं असतं ते एकदा बघावं. डोकं घातलं. सुर्रकन गेलं! स्वतःवर खूश होऊन मागे घेतलं, तर येईचना. जाताना दुमडलेले कान येताना छत्रीसारखे उघडले होते!

खाली विमलाबाई कपडे काढत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि हातातला टॉवेल सोडला.

"अगं बया! दाजी, तुमी हाय व्हय? मला वाटलं..." मग नाक पुसून म्हणाल्या, "आत जाताय का बाहेर येताय?"

"अडकलोय!"

ही बातमी त्यांनी अशी दिली, की पाच मिनिटांत पार्किंगमध्ये गणपतीच्या आरतीला जमत नाहीत एवढी माणसं जमली. हिंमतराव चष्मा पुसत आले.

"सर्जेराव, ठरावात सरळ गज आहेत. गोल नाही."

"ठराव नंतर काढा, आधी मला काढा!"

आत दत्तप्रसाद रविवारीही कॉम्प्युटरवर अमेरिकेशी बोलत होता. तो धावत आला. राजनंदिनीने माझ्या कानांना तेल चोळलं. वांग्याची भरताआधी करतात तशी माझी तयारी झाली, पण डोकं हलेना. शेवटी दत्तप्रसादने लोखंड कापायची हॅकसॉ उचलली. पोराने आयुष्यात माउसशिवाय अवजार धरलं नव्हतं!

"बाबा, घाबरू नका."

"मी नाही, तूच घाबरलायस. दाबू नकोस. सरळ ओढ. हां, अस्सं."

तो कापत होता. खालून विमलाबाई बोलत होत्या. आज भाजी काय, त्यांची कात्रजची बहीण कशी आहे, मालनताई कशावर हसायच्या. महिनाभरात माझ्याशी कोणी इतकं बोललं नव्हतं. सगळे हळू आवाजात "जेवलात का" विचारून निघून जायचे. कडं आजूबाजूच्या गजांसकट कापून निघालं, तरी मी थोडा वेळ डोकं तसंच बाहेर ठेवलं.

आत आल्यावर राजनंदिनी कडं हातात घेऊन बसली होती.

"बाबा, मला आधी सांगायचं ना. आईंचा फुलका माझ्या फुलक्याहून मोठा असायचा."

"केवढा?"

तिने हवेत दोन्ही हातांनी गोल केला. दत्तप्रसाद म्हणाला, "नाही गं, एवढा." त्याने त्याहून मोठा केला. मी माझा केला. तो तिसराच निघाला. रोज तीन-तीन खाल्ले, आणि मापाला एकही उरला नाही!

हिंमतरावांची नोटीस आली आहे. जाळीच्या मधोमध भगदाड आहे. चोराचं डोकंच काय, अख्खा चोर टीव्ही घेऊन जाईल. संध्याकाळी खालून हाक येते, "दाजी, हाय का?" मी तिथून डोकं काढतो.

कडं बसवायचं राहिलंय.