मंडळींचे मत

दाजीबा मिसाळ सिनेमावर लिहायचे, आणि लेख संपवताना 'मंडळीं'नी काय केलं ते न चुकता सांगायचे. 'मंडळी हसली.' 'मंडळींना डुलकी लागली.' एकदा तर त्यांनी लिहिलं, 'राजपुत्र वनवासाला निघाला त्या वेळी मंडळी उठून दूध उतू जाते का ते पाहून आली.'

हे छापून आलं त्या आठवड्यात सिनेमाच्या तंबूचे मालक हुसेनभाई आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत आले. भला माणूस. स्वतःच मशीनची मूठ फिरवायचे आणि स्वतःच दारात उभं राहून लोकांना आत घ्यायचे. संपादक बाहेर गेले होते आणि मी मुद्रितं तपासत बसलो होतो, त्यामुळं तक्रार माझ्या वाट्याला आली. तंबू गच्च भरलेला, म्हणाले. राजपुत्र निघाला तेव्हा पुढच्या रांगेतले पैलवानसुद्धा नाक ओढत होते. मग डुलकी लागली कुणाला? आणि माझ्या तंबूत दूध कुठलं?

मला उत्तर ठाऊक होतं, पण सांगायची चोरी होती. दाजीबा माझे भिंतीपलीकडचे शेजारी.

हा माणूस दिवसा दरबारच्या एका कचेरीत कारकून होता आणि संध्याकाळी टीकाकार. सिनेमा तेव्हा आमच्या गावाला नवा होता. तालमी आणि नाटकं यांना महाराजांच्या राज्यात तोटा नव्हता, त्यामुळं पडद्यावर काहीही आलं तरी कोल्हापूरचा माणूस ते एकतर कुस्तीच्या मापानं मोजायचा नाहीतर नाटकाच्या. दाजीबांचं माप तिसरंच होतं. ते कुठून आलं ते पुढं सांगतो.

पौराणिक चित्रात राण्यांची कामं पुरुषच करायचे. दाजीबांनी लिहिलं, 'महाराणी रडताना दंड फुगले. शोक खरा वाटला नाही, जोर खरा वाटला.' एका राक्षसाबद्दल लिहिलं, 'याने घास चावून खाल्ला व नंतर हात धुतले. चांगल्या घरचा असावा. देवाने त्याला का मारले ते कळले नाही.' विलायतेहून ठोसाठोशीचं चित्र आलं होतं. त्यावर दोनच वाक्यं: 'दोघे साहेब हातमोजे घालून एकमेकांस मारत होते. तिकडे थंडी फार.' एका गलबताच्या कथेत नायक, नायिका आणि खलपुरुष या तिघांनाही त्यांनी नापास केलं आणि निकाल दिला, 'समुद्राने काम चोख केले.'

तंबूत ते पहिल्या रांगेत खुर्चीवर बसत. पागोटं मांडीवर, चेहरा खटल्याचा निकाल ऐकायला आल्यासारखा. आजूबाजूला हशा पिकला की सावकाश मान वळवून हसणाऱ्याकडं बघत. बघितलेला माणूस पुन्हा हसत नसे. कुणी विचारलंच, "दाजीबा, कसं काय वाटलं?" तर म्हणत, "अजून ठरायचंय."

ठरायचं ते घरी. त्या काळी चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती. 'आमची मंडळी' म्हणायचं. दाजीबांची मंडळी म्हणजे कृष्णावैनी. कोडोलीच्या शेतकऱ्याची लेक, अंगानं किरकोळ, आवाजानं खणखणीत. घरात मूलबाळ नव्हतं. खेळ बघून दाजीबा आले की वैनी चुलीपुढं बसायच्या आणि दाजीबा त्यांना सगळं चित्र करून दाखवायचे. मधली भिंत कुडाची. मला आणि माझ्या बायकोला ऐकायचं नसलं तरी ऐकू यायचं. लाटणं म्हणजे तलवार, परात म्हणजे ढाल. घोड्यावरचा पाठलाग असला की आमच्या फळीवरची भांडी वाजत. बाहेर ओठाची घडी न मोडणारा हा माणूस घरात राणी होऊन गळा काढायचा.

वैनींचे प्रश्न मात्र अवघड असत. राणी रानात गेली, मग जेवली काय? राक्षसानं हात धुतले का? पोराला कुणाजवळ ठेवलं तिनं? दाजीबांना उत्तर आलं नाही की चित्र पडलंच म्हणून समजा. एकदा दाजीबांनी चिडून म्हटलं की अगं, मधेच झोपलीस तर मी सांगू कुणाला? त्यावर वैनी म्हणाल्या, "मी झोपलो न्हाय. तुमचा राजाच लई वेळ मरतोय."

दुसऱ्या दिवशी ते तसंच लेखात आलं, 'राजा फार वेळ मरतो.' सगळ्या गावाच्या तोंडी ते वाक्य बसलं.

माझ्या बायकोनं एकदा विचारलं होतं, तंबूत बायकांची बाजू वेगळी असते, वैनींना घेऊन जाऊ का? वैनींचे डोळे लकाकले. दाजीबा म्हणाले, "तिथं बघण्यासारखं काय हाय? मी सांगतो की." रागानं नव्हे, घाईनं म्हणाले. मला वाटतं त्यांना भीती होती. वैनींनी खरा घोडा बघितला असता तर त्यांच्या घोड्याचं काय झालं असतं?

त्या चैत्रात वैनी माहेरच्या माणसांबरोबर जोतिबाच्या जत्रेला गेल्या. दाजीबांनाही चला म्हणाल्या होत्या. त्याच दिवशी तंबूत नवं चित्र लागणार होतं, म्हणून ते राहिले. वैनी गुलालानं माखून परत आल्या आणि पुढं आठवडाभर त्यांनी जत्रा सांगितली. त्या वेळी ऐकायची पाळी दाजीबांची होती.

पावसाळा सरता सरता तापाची साथ आली. गल्लीत घराआड एक माणूस गेलं. वैनी दोन-तीन दिवसांतच गेल्या.

दाजीबा महिन्याभरानं पुन्हा तंबूत येऊन बसू लागले. लेखही देत. पण त्यात नुसती गोष्ट असे, नटांची नावं असत आणि 'छायाचित्रण ठीक' असं काहीतरी. मंडळींचा उल्लेख नसे. संपादकांनी मला विचारलं, यांना झालंय काय, पूर्वीचं तिखट कुठं गेलं? मी म्हटलं, दमलेत. संध्याकाळी भिंतीपलीकडं लाटणं पोळपाटावर वाजायचं तेवढंच, तेही थोडा वेळ.

पुढच्या वर्षी हुसेनभाई फिरतीवरून परत आले. मुख्य चित्राच्या आधी दाखवायला त्यांनी मुंबईकडून एक तुकडा आणला होता. कुणी कॅमेरावाला आदल्या चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर येऊन गेला होता. कथा नाही, नट नाहीत. मी दाजीबांच्या शेजारीच बसलो होतो. पडद्यावर देवाच्या उंच सासनकाठ्या डुलत होत्या, गुलाल पांढरा धूर होऊन उडत होता, पायऱ्यांवरनं माणसं लोटत होती. त्या लोटात एक किरकोळ बाई कॅमेऱ्यासमोर आली, थबकली, उन्हासाठी डोळ्यांवर हात धरला, पदर सारखा केला आणि आमच्याकडं बघून हसली. मागच्यांचा रेटा आला आणि ती बाजूला गेली.

दाजीबा उभे राहिले. मागची माणसं ओरडली, "ओ पावणं, खाली बसा की." मी हात धरून त्यांना बसवलं.

त्यानंतर तंबू होता तोवर ते रोज जाऊ लागले. तेवढा तुकडा बघायचे आणि मुख्य चित्र सुरू व्हायच्या आत उठून बाहेर यायचे. गावानं अर्थ लावला की टीकाकारानं आता न बघताच नापास करायचं ठरवलंय. हुसेनभाईंनी मला विचारलं आणि या खेपेला मी सांगितलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

मुक्काम हलायच्या आदल्या दिवशी ते दाजीबांच्या घरी आले. मला बरोबर घेतलं होतं. म्हणाले, "दाजीबा, वैनी हायत तेवढा तुकडा कापून देतो. माझं काय अडत न्हाय."

दाजीबा म्हणाले, "नको. जन्मभर घरात बसवली तिला. आता निघालीय तर फिरू दे की चार गावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूच्या गाड्या निपाणीच्या रस्त्याला लागल्या. दाजीबा धुतलेलं पागोटं बांधून आले होते. रिळांची पेटी असलेल्या गाडीच्या बाजूनं ते नाक्यापर्यंत चालत गेले. मीही होतो. नाक्यावर बैल थांबले तेव्हा त्यांनी पेटीवरचं गोणपाट नीट केलं आणि हुसेनभाईंना म्हणाले, "ती येते तिथं मूठ जरा हळू फिरवा. मागनं लोक ढकलत्यात तिला."